रोजच्या लिखाणाचं माप

महिनाभर रोज काहीतरी लिहायचा संकल्प पार पडला की वहीत उरतं काय? बरंचसं कच्चंच. म्हणून आक्षेप येतो, की प्रतिभा अशी हजेरीपटावर येत नाही. पण महाड तालुक्यातली शिवथरघळच घ्या. दासबोध तिथे लिहिला गेला, असं परंपरा सांगते. त्याची बांधणी पाहा: वीस दशक, प्रत्येकाचे दहा समास, एकूण 200. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर अक्षर कसं काढावं यालाच दिलेला. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखं हवं, हा त्यातला आग्रह. तेव्हा ठरलेलं माप आशयाला मारतं, हे काही खरं नाही.

घाईचा आक्षेप मात्र वजनदार आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारी 1933 ला ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि पाचेक दिवसांत हातावेगळी केली. पण त्या वेगामागे आयुष्यभराच्या आठवणी होत्या. महिन्याभराच्या संकल्पाला ती शिदोरी कुठून असणार? त्यातून मिळते ती कोऱ्या पानापुढे बसायची सवय. निवड आणि खाडाखोड त्यानंतरची, आणि तिला मुदत घालू नये.