युद्ध, महागाई भत्ता आणि गिरणी कामगार

(मुनिरका, नवी दिल्ली येथे मराठी भाषक सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुनिरक्याला लागून असलेल्या रामकृष्ण पुरममध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती आहेत. जानेवारी आणि जुलैपासून लागू होणाऱ्या महागाई भत्त्याकडे तेथील प्रत्येक घराचे लक्ष असते. हा भत्ता आणि बोनस या दोन गोष्टी आज अंगवळणी पडल्या आहेत. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात त्या पडल्या युद्धकाळात, आणि टिकल्या त्या केवळ संघर्षामुळे.

पहिल्या महायुद्धात परदेशी कापडाची आयात घटली, लष्कराची मागणी वाढली आणि गिरणीमालकांच्या नफ्याला भरती आली. त्याच वेळी धान्य आणि कापड महागले. १९१७ साली मालकांनी मजुरीवर दहा टक्के ‘युद्ध बोनस’ दिला; १९१८ साली तो पंधरा टक्के केला. मूळ मजुरीला मात्र हात लावला नाही. यातली मेख उघड होती. मजुरी एकदा वाढविली की ती खाली आणणे अवघड जाते. बोनस ही मेहेरबानी म्हणून देता येते आणि मनात येईल तेव्हा थांबविता येते. १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक कामगार संपावर गेले ते या महागाईपायीच.

युद्धोत्तर तेजी ओसरताच १९२३ सालचा बोनस नाकारण्यात आला. १९२४ च्या आरंभी दीड लाखावर कामगारांनी त्यासाठी प्रदीर्घ संप केला. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने निर्वाळा दिला की, बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क सिद्ध होत नाही. युद्धात दिलेले शांततेत असे हिरावले गेले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कामगार अधिक संघटित होता. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत सुमारे नव्वद हजार कामगारांनी साम्राज्यवादी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी दीड लाखावर गिरणी कामगार बाहेर पडले आणि सुमारे चाळीस दिवस टिकून राहिले. भारत संरक्षण कायद्याखाली पुढाऱ्यांची धरपकड झाली. पुढे हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर पक्षाचे युद्धविषयक धोरण बदलले. उत्पादन आणि अन्नवाटप या प्रश्नांवर भर आला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. गिरण्या रात्रपाळीत धडधडत होत्या; यंत्रे झिजत होती, तशी माणसेही झिजत होती. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. रणभूमीपासून दूर असलेल्या मुंबईत शेकडो माणसे मेली. त्यांत आग विझविणारे ६६ जवान होते.

परंतु या वेळी कमावलेले सर्वस्वी गेले नाही. महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरणी कामगाराची किमान मूळ मजुरी २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये ठरली. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. १९२४ साली ज्याला मेहेरबानी म्हटले गेले, त्याला कायद्याने हक्काचे स्थान दिले.

तरीही हक्क निर्धोक झाला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२० साली साथरोगाचे संकट पुढे करून केंद्र सरकारने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले. त्यांची थकबाकी कर्मचाऱ्यांना देण्यात आली नाही. संकटाचे नाव बदलले, रीत तीच राहिली. आणि याच वसाहतींत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांना तर गोठविण्यासाठीही महागाई भत्ता नाही. धान्याचा भाव त्यांनाही तोच द्यावा लागतो.

आणीबाणीच्या काळात राष्ट्र त्याग मागते, तेव्हा तो कोणाच्या ताटातून आणि कोणाच्या तिजोरीतून, हा प्रश्न संघटित कामगारानेच विचारला पाहिजे. आणि तो विचारताना ज्यांना संघटना नाही त्यांनाही बरोबर घेतले पाहिजे. गिरणगावाचा हा धडा मुनिरक्यातही तितकाच लागू आहे.