पडद्यामागील हात



चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नट-नटी उभ्या राहतात. परंतु घटकाभराच्या त्या खेळामागे किती माणसांचे श्रम खर्ची पडतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज त्याविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले व यंत्रसामग्री घेऊन परतले. धनिकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपून ती पडद्यावर दाखविली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले.

आणि सरस्वतीबाई फाळके? फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनांत धुणे, ऊन परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, शिवाय साऱ्या मंडळींचे अन्न रांधणे, ही सर्व कामे त्या माउलीने केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. जगाने एका पुरुषाचे नाव लक्षात ठेवले. पण हे श्रम वजा केले असते, तर ते चित्र उभेच राहिले नसते.

आता दुसरा प्रश्न. कथा कोणाच्या डोळ्यांनी सांगावयाची? हरिश्चंद्राच्या आख्यानात राजाला स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागते, हा त्याच्या दुःखाचा कळस मानला आहे. त्या डोंबाचे दुःख काय, हे आख्यान विचारीत नाही. तो प्रश्न पडद्यावर विचारावयास करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री' केला. डुकरे पकडणाऱ्या कुटुंबातील जब्या हा त्याचा नायक. ही भूमिका कोणा नामवंत बालनटाला न देता सोमनाथ अवघडे या खेड्यातील मुलाला दिली, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पकडलेले डुकर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेबांच्या चित्रापुढून जाते. तेथे एकही संवाद नाही. तरी प्रेक्षकाची मान खाली जाते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडेच येतो. कॅमेरा कोठे ठेवावा, याचे उत्तर ज्याने ते जीवन जवळून पाहिले आहे त्याला सापडते, ते असे.

आज कॅमेरा खिशातल्या मोबाइलमध्ये आला आहे. विद्या मात्र आपोआप येत नाही. ध्वनिलेखन, संकलन, प्रकाशयोजना ही कष्टाने शिकण्याची शास्त्रे आहेत. आपली मुले-मुली तिकीट काढून केवळ टाळ्या वाजविणार असतील, तर आपली कथा दुसरेच सांगतील आणि आपल्या मनाप्रमाणे सांगणार नाहीत. मुलाने ही विद्या शिकतो म्हटले तर त्याला हसू नका. मुलीने म्हटले तर तिला अडवू नका. आणि चित्र पाहून झाल्यावर, शेवटी सरकत जाणारी नावे वाचल्याखेरीज जागेवरून उठू नका. ते हात आपल्यासारख्यांचेच आहेत.