आवाजामागचे नाव

नभोवाणीवर ज्याचा आवाज आपण वर्षानुवर्षे ऐकतो, त्याला आपण ओळखतो असे म्हणावे की नाही, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. सकाळी बातम्या सांगणारी व्यक्ती हळूहळू आपल्या घरातलीच होऊन जाते. तिला पडसे झाले तर ते आपल्याला कळते. तिच्या सुट्टीचे दिवसही चुकल्याचुकल्यासारखे वाटतात. पण तीच व्यक्ती मंडईत आपल्या शेजारी उभी राहिली तर आपण वळूनदेखील पाहणार नाही. "मेथीची जुडी कितीला?" एवढे तिने विचारले की मात्र आपण दचकू. आवाजावर जगणाऱ्यांच्या वाट्याला ही अशी विचित्र कीर्ती येते. आज मी ज्या मनुष्याविषयी बोलणार आहे, त्याने ती साठ वर्षांहून अधिक काळ भोगली.

त्याचे नाव मेल ब्लँक. हे नाव आपल्यापैकी थोड्यांच्याच परिचयाचे असेल. परंतु गाजर कुरतडत शिकाऱ्याचीच चौकशी करणारा बग्ज बनी हा उर्मट ससा, चिडखोर डॅफी बदक, अडखळत बोलणारा पॉर्की डुक्कर, पिंजऱ्यातले ट्वीटी पाखरू आणि त्याच्यावर टपलेला सिल्व्हेस्टर बोका, ही मंडळी पुष्कळांना ठाऊक आहेत. १९९५ मध्ये आपल्याकडे कार्टूनची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. त्या वेळी शाळा-कॉलेजांत असलेल्या माझ्या पिढीने ही पात्रे मनसोक्त पाहिली. हे सारे प्राणी एकाच गृहस्थाच्या गळ्यातून बोलतात, हे मला फार उशिरा कळले आणि खरे सांगायचे तर त्यावर प्रथम माझा विश्वास बसला नाही.

३० मे १९०८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचा जन्म झाला. बालपण गेले ते ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात. घराण्याचे आडनाव ब्लँक. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोरा, रिकामा. पोराचे लक्ष अभ्यासापेक्षा आवाज काढून वर्गाला हसवण्याकडे अधिक. तेव्हा गुरुजनांपैकी कोणी तरी त्याला, तू आडनावाप्रमाणेच कोरा राहणार, असे ऐकवले. ही गोष्ट तो स्वतःच पुढे सांगत असे. तो बोल मुलाच्या जिव्हारी लागला आणि सोळाव्या वर्षी त्याने आडनावातील शेवटचे 'के' हे अक्षर काढून तेथे 'सी' घातले. उच्चार होता तोच राहिला. आपल्या नागरी लिपीत हा फरक दाखवताही येत नाही. ज्याचे सारे आयुष्य लोकांच्या कानांसाठी जायचे होते, त्याने आपले नाव बदलले ते केवळ डोळ्यांसाठी! पण त्या एका अक्षरामागची बोच आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिली, असे मला वाटते.

शाळा अर्धवट सुटली. काही दिवस वाद्यवृंदात वाजवण्यात गेले आणि १९२७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पोर्टलंडच्या नभोवाणी केंद्रावर त्याला काम मिळाले. १९३३ मध्ये एस्टेल हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी पतिपत्नींनी मिळून एक विनोदी कार्यक्रम सुरू केला. ते मंदीचे दिवस होते. आणखी नट नेमण्यास चालकांनी नकार दिला. तेव्हा कार्यक्रमातील दुकानदार, शेजारी, पाहुणे, सारे याला एकट्यालाच व्हावे लागले. हजार आवाजांचा माणूस म्हणून पुढे ज्याची ख्याती झाली, त्याचे पहिले शंभर आवाज काटकसरीने काढायला लावले. कलेच्या इतिहासात काटकसरीचे ऋण सहसा कोणी मान्य करत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९३५ मध्ये पतिपत्नी लॉस एंजेलिसला आली. तेथे लिऑन श्लेसिंगर यांच्या कार्टून स्टुडिओत वॉर्नर ब्रदर्ससाठी लहान लहान बोलपट तयार होत असत. मेल तेथे वारंवार खेटे घालत राहिला. दर वेळी एकच उत्तर मिळे: आम्हांला लागतात तेवढे आवाज आमच्याकडे आहेत. वर्षाहून अधिक काळ हे चालले. अखेर ट्रेग ब्राउन या ध्वनिसंकलकाने त्याचे ऐकून घेतले आणि त्याला पहिली भूमिका मिळाली ती एका झिंगलेल्या बैलाची. हे साल १९३७. त्याच वर्षी पॉर्की डुकराचे कामही त्याच्याकडे आले, आणि त्या बदलाची हकिकत थोडी खिन्न करणारी आहे. पॉर्कीला आधी जो डॉअर्टी या नटाचा आवाज होता. तो खरोखरच तोतरा होता. त्याचे अडखळणे त्याच्या ताब्यात नसे. त्यामुळे ध्वनिमुद्रण लांबे, फिल्म वाया जाई. मेलचे तोतरेपण मात्र घड्याळाबरहुकूम होते. खऱ्या व्यंगाला नोकरी गमवावी लागली आणि त्याची हुबेहूब नक्कल नोकरीवर लागली! यात अन्याय कोणाचा म्हणायचा? बहुधा कोणाचाच नाही. पण पॉर्कीला हसताना त्या पहिल्या माणसाची आठवण ठेवण्यास हरकत नाही.

कार्टूनमध्ये आवाज कसा भरतात याविषयी आपल्या मनात साधारणतः उलटी कल्पना असते. चित्र आधी तयार होते आणि मग कोणी तरी त्यावर बोलतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या स्टुडिओत संवाद प्रथम मुद्रित होत आणि त्या आवाजावर कान ठेवून चित्रकार ओठ, भुवया, मान, हात रेखाटत. म्हणजे ससा बोलू लागण्यापूर्वी त्याचे बोलणे जन्माला आलेले असे. मेलला पात्राचे एखादे रेखाचित्र दाखवत आणि त्याचा स्वभाव सांगत. त्यावरून तो आवाज शोधी. बग्ज बनी हा कोणालाही न घाबरणारा, टक्केटोणपे खाल्लेला इसम आहे, असे कळल्यावर त्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन आणि ब्राँक्स या दोन वस्त्यांतील बोलण्याची ढब एकत्र केली. १९४० च्या 'अ वाइल्ड हेअर' या बोलपटात हा ससा आपल्या पुऱ्या रूपात लोकांपुढे आला. त्याच्या गाजराचीही एक कथा आहे. इतर भाज्या-फळे चावून पाहिली, पण गाजराचा तो करकर आवाज दुसऱ्या कशातून निघेना. तेव्हा मेल खरेच गाजर चावी, आवाज मुद्रित झाला की घास भांड्यात थुंकून टाकी आणि पुढचे वाक्य बोले. तोंडात घास ठेवून पुढचा संवाद कसा म्हणणार?

डॅफी बदक आणि सिल्व्हेस्टर बोका यांचे आवाज मुळात सख्खे भाऊ आहेत. दोघांच्याही बोलण्यात तीच थुंकी उडवणारी बोबडी लकब. बदकाचा आवाज मात्र यंत्रावर वेग वाढवून उंच केलेला. हे ऐकून कोणी म्हणेल, मग यात यंत्राचीच करामत अधिक. परंतु वेग वाढवल्यावरही शब्द सुटे ऐकू यावेत, विनोदाचा क्षण चुकू नये, यासाठी मुळात किती संथ आणि किती स्पष्ट बोलायचे, हे यंत्र सांगत नाही. लालभडक मिशांचा योसेमिटी सॅम हा डाकू तर नुसता ओरडतच असे. तो आवाज घशाला इतका जाच करी, की दिवसाच्या कामात त्याची पाळी शेवटी ठेवावी लागे.

आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे उभी केली, ती आपण पाहिली आहेत. परंतु तेथे नट आपल्या डोळ्यांसमोर असतो. त्याच्या खांद्यावरचा उपरण्याचा फेरही अर्धे काम करून जातो. आणि मुख्य म्हणजे टाळ्या कोणाला द्यायच्या हे प्रेक्षकाला ठाऊक असते. मेलच्या टाळ्या सशाला मिळत.

इथे मी त्या 'सी' अक्षराकडे परत येतो. चाळीसच्या दशकाच्या आरंभी मेलने श्लेसिंगर यांच्याकडे पगारवाढ मागितली. श्लेसिंगर यांचा हात आखडता म्हणून प्रसिद्ध होता. वाढ मिळाली नाही. मग मेलने दुसरी मागणी केली: पैसे नकोत तर नको, बोलपटाच्या आरंभी पडद्यावर माझे नाव द्या. नाव द्यायला काही खर्च नव्हता, ते मिळाले. शासकीय कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रसंगाचे मर्म पटकन कळते. आमच्याकडे टिपणी एकाची असते आणि सही दुसऱ्याची. मसुदा उत्तम उतरला याचा आनंद आपण एकट्यानेच कपाट बंद करता करता घ्यायचा असतो. मेलला तो आनंद पुरेसा वाटला नाही आणि त्याचे त्याला चांगले फळ मिळाले. पडद्यावर नाव झळकू लागताच नभोवाणीवरून त्याला बोलावणी येऊ लागली.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर हे व्याख्यान नव्हे, नुसती स्तुती होईल. पडद्यावर आवाजासाठी नाव असे ते बहुधा एकट्या मेलचे. सशाचा पाठलाग करणारा एल्मर फड हा शिकारी आर्थर ब्रायन या नटाच्या आवाजात बोले. १९५९ मध्ये ब्रायन वारला. तोपर्यंत जग त्याचा आवाजही मेलचाच समजत होते. ट्वीटीची मालकीण असलेली आजीबाई आधी बी बेनाडेरेट आणि नंतर जून फोरे या स्त्रियांनी बोलून दाखवली. त्यांचीही नावे बरीच वर्षे बहुतेक वेळा पडद्यावर नसत. कोरेपणाचा शिक्का स्वतःच्या कपाळावरून पुसणाऱ्या माणसाच्या नावाखाली दुसऱ्यांची पाटी कोरी राहिली. मेल वाईट मनुष्य होता असे मला म्हणायचे नाही. त्याने स्वतःपुरते मागितले आणि देणाऱ्यांनी इतरांना द्यायचे नाही असे ठरवले. तरी, आणखी एखादा शब्द त्याने त्यांच्यासाठी टाकला असता तर बरे झाले असते.

विनोदी नट म्हणून त्याची खरी परीक्षा झाली ती जॅक बेनीच्या नभोवाणी कार्यक्रमात. तेथे १९३९ पासून तो काम करू लागला. बेनीच्या घरी एक अस्वल आहे अशी कल्पना होती. मेलने केवळ त्याची गुरगुर करायची. सहा महिने गुरगुरल्यावर त्याने, मला बोलताही येते, असे बेनीला नम्रपणे सांगितले म्हणतात. मग त्याला पोपट मिळाला, बेनीला व्हायोलिन शिकवणारा त्रासलेला मास्तर मिळाला, आगगाडीच्या स्थानकावर गावांची नावे पुकारणारा कर्मचारी मिळाला. बेनीच्या जुनाट मोटारीचा खोकल्यासारखा आवाज यंत्रातून यायचा होता; ऐन वेळी यंत्र मुके राहिले, तेव्हा मेलने खोकत, धापा टाकत, गचके देत मोटारच तोंडाने चालवली आणि ती पुढे कायमची त्याच्याकडे आली. एका एका अक्षराचे उत्तर देणारा एक मेक्सिकन गृहस्थही तो करी. त्या काळी लोक त्यावर लोटपोट होत. परक्या माणसाच्या उच्चारांवर उभारलेला तो विनोद आज जरा खटकतो. मात्र एका अक्षराच्या आधी आणि नंतर किती थांबायचे, याचे त्या दोघांचे गणित अजूनही ऐकण्यासारखे आहे.

२४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्ड या रस्त्याच्या एका कुप्रसिद्ध वळणावर त्याच्या मोटारीला समोरून येणाऱ्या मोटारीची धडक बसली. कवटी, दोन्ही पाय, कटीची हाडे, सारे मोडले. सुमारे दोन आठवडे तो बेशुद्ध होता. पत्नी आणि मुलगा नोएल उशाशी बसून त्याला हाका मारत. 'मेल' या नावाला किंवा 'बाबा' या हाकेला उत्तर येत नव्हते. एके दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, काय सुचले कोण जाणे, निराळीच हाक मारली: बग्ज बनी, आज कसे वाटते आहे? थोडा वेळ काही झाले नाही. मग त्या पांढऱ्या पट्ट्यांमधून क्षीण आवाजात सशाने उत्तर दिले. डॉक्टरांनी आणखी एका पात्राला हाक मारली, तेही बोलले. या पात्रांच्या पाठोपाठ मेल शुद्धीवर आला.

ही घटना डॉक्टरांनीही पुढे सांगितली आहे. वैद्यकशास्त्र तिचा काय अर्थ लावील, तो लावो. मला तीत थोडे भय वाटते. ज्याने स्वतःच्या नावासाठी इतका हट्ट धरला, त्याच्या आत सर्वांत खोलवर नाव होते ते सशाचे. जन्मभर आपण दुसऱ्यांना आवाज देत राहिलो तर अडचणीच्या घडीला आपला म्हणून कोणता आवाज उरतो, असा प्रश्न मनात येतो. आणि त्याच वेळी असेही वाटते, की तो ससा परका कोठे होता? मेलच्याच श्वासावर तो वीस वर्षे जगला होता.

पुढचे वर्णन थोडक्यात करतो. तो अजून प्लास्टरमध्ये जखडलेला असतानाच त्याच्या घरी ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणली गेली. सहकारी नट खाटेभोवती जमले, खाटेवर मायक्रोफोन टांगला गेला आणि 'द फ्लिन्टस्टोन्स' या मालिकेतील बार्नी रबल निजल्या निजल्या बोलू लागला. मधल्या काही भागांत डॉस बटलर या दुसऱ्या स्वरनटाने ते काम सांभाळून घेतले होते. मुलगा नोएल याच्यासह मेलने जाहिरातींची एक संस्था चालवली. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या चित्रपटात ऐंशीव्या वर्षी त्याने आपल्या जुन्या पात्रांना पुन्हा बोलते केले.

१० जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. कार्टूनच्या अखेरीस पॉर्की डुक्कर अडखळत अडखळत ज्या शब्दांनी प्रेक्षकांचा निरोप घेत असे, 'संपले मंडळी' अशा अर्थाचे ते शब्द त्या दगडावर मोठ्या अक्षरांत कोरले आहेत. दगडावर ते कोठेही अडखळत नाहीत. खाली त्याचे नाव आहे, आणि त्याच्या शेवटी 'सी' आहे.