विळ्या-खुरप्याचं चित्र

शाळेत चित्रकलेच्या तासाला आपल्याला काय दिलं? फुलदाणी. कमळ. फार तर डोंगरामागचा सूर्य. खुरपं काढा, असं कुणी म्हटलं नाही. खुरपं म्हणजे राबणं, आणि राबण्यात सौंदर्य नसतंच, हे त्या वहीतच आपल्या डोक्यात घातलं गेलं.

मी तुमच्यापुढं अडीचशे वर्षांपूर्वीची चित्रं ठेवतो. फ्रान्समध्ये दिदरोनं १७५१ पासून ज्ञानकोश काढला. १७५९ साली राजसत्तेनं परवाना काढून घेतला, तरी गडी हटला नाही. १७६२ ते १७७२ या काळात नुसत्या चित्रांचे अकरा खंड निघाले. या दिदरोचा बाप चाकू-सुऱ्या घडवणारा कारागीर. धंद्यांची माहिती पंडितांकडून नव्हे, कारागिरांकडं जाऊन घ्यायची, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं.

शेतीची पानं बघा. वर नांगरणी-पेरणी चाललीय. खाली अवजारं, कोऱ्या कागदावर सुटी. देव नाही, राजा नाही, महिरप नाही. रेष मात्र अशी, की फाळ जमिनीत कुठल्या अंगानं शिरेल ते कळावं. मला हे सुंदर वाटतं, कारण यातली एकही रेष शोभेची नाही.

पण एक खुपतं. सगळी अवजारं नवीकोरी! मुठीला घाम नाही. माझ्या आजीचं खुरपं झिजून अर्धं झालेलं, मूठ तिच्या बोटांनी गुळगुळीत. ती झीज त्या पानांत नाही.

आणि आपल्याकडं? मोट घ्या. मेलेल्या जनावराचं कातडं ढोरांनी कमावलं, चांभारांनी शिवलं, मांगांनी नाडा वळला. ती मोट सवर्णांच्या विहिरीत दिवसभर बुचकळायची. विहीर बाटली नाही. शिवणारा हात पाण्याला लागला की मात्र बाटली! आता इंजिनं, पंप आले, मोट गेली. तिची सोंड कशी जोडत, टाका कसा घालत, हे जाणणारे म्हातारेही चाललेत.

तेव्हा येत्या रविवारी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही-पेन्सिल घेऊन बसा. रापी, आरी, विळा, दोर, जे घरात उरलं असेल ते काढा. लांबी वितीनं मोजून लिहा. झीज दिसली पाहिजे. खाली वापरणाराचं नाव घाला, चित्र काढणाराचं नंतर. आणि कुणी शहाणा विचारायला आला, यात कला कुठाय, तर त्याच्या हातात खुरपं द्या. म्हणावं, एक पाथ काढून दाखव.