सायकलस्वाराला मोटारीची धडक : पहिल्या दिवसाची नोंद

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, सोलापूर, दौंड आणि कल्याण अशा सहा दिशांचे रस्ते अहिल्यानगर शहरात एकत्र येतात. या रस्त्यांवर मालमोटारी, एस. टी. गाड्या आणि खाजगी मोटारी धावतात. ऊसतोडणीच्या हंगामात त्यांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. याच रस्त्यांच्या कडेने नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, केडगाव-सावेडीकडून शाळेला निघालेला विद्यार्थी आणि पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा सायकल हाकीत असतो. सायकलस्वाराने डाव्या बाजूने जावे, मागे लाल परावर्तक लावावा, अंधारात दिवा वापरावा, हे उपदेश नेहमी केले जातात व ते योग्यच आहेत. परंतु एवढी काळजी घेऊनही धडक बसली तर पुढे काय करावे, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. आजचे विवेचन त्याविषयी आहे.

समजा, पाळी संपवून घरी निघालेल्या एका कामगाराला मागून मोटारीची धडक बसली. तो पडला, उठला, कपडे झटकले. भोवती माणसे जमली. चालकाने खिशातून काही नोटा काढून हातावर ठेवल्या. "फार लागले नाही," असे म्हणून कामगार वाकडे झालेले चाक ओढीत घरी गेला. रात्री खांदा सुजला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हाड मोडल्याचे निघाले आणि पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून त्याने "सायकलवरून पडलो" असे सांगितले. दीड-दोन महिने हजेरी बुडाली. पुढे भरपाई मागावी म्हटले, तर गाडीचा क्रमांक नाही, साक्षीदार नाही आणि दवाखान्याचा कागद स्वतःच्याच विरुद्ध बोलतो! कायद्याने त्याला हक्क दिला होता. पहिल्या दिवशी नोंद न झाल्यामुळे तो हातचा गेला.

पहिला तास

अपघातानंतर सर्वप्रथम विचार जिवाचा करावयाचा. जखमी व्यक्ती उठू शकत असेल तर तिने रस्त्याच्या कडेला यावे व तेथेच बसून राहावे. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर जागचे हलू नये. इतरांनी वाहतूक थांबवावी. अशा जखमीला हातपाय धरून उचलणे व रिक्षात कोंबणे धोक्याचे असते. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक फिरवावेत.

डोक्याला मार लागला असल्यास वरवर काही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पुढील एक-दोन दिवसांत वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटके किंवा जागे करूनही न ओसरणारी गुंगी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. असे वेळी घरातील एका माणसाने सोबत राहणे आवश्यक असते.

पैशाअभावी उपचार थांबावेत असे कायद्याला मान्य नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच असा निर्णय दिला की, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवून ठेवता येणार नाहीत. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. मोटारीची धडक बसलेला सायकलस्वारही या योजनेत येतो.

दवाखान्यातील एक वाक्य

रुग्णालयात दाखल होताना "काय झाले?" असे विचारले जाते. त्याचे उत्तर केसपेपरवर उतरते आणि पुढे न्यायाधिकरणासमोर तोच कागद वाचला जातो. म्हणून "सायकलवरून पडलो" असे न सांगता "मोटारीने धडक दिली" असे स्पष्ट सांगावे. ठिकाण, वेळ आणि ठाऊक असल्यास गाडीचा क्रमांकही लिहून घेण्यास सांगावे. जखमीला बोलता येत नसेल तर हे काम सोबतच्या माणसाने करावे. अशा प्रकरणाची वैद्यकीय-न्यायिक नोंद होते व रुग्णालय पोलिसांना कळविते. यात भिण्यासारखे काही नाही. केसपेपर, क्ष-किरण चित्रे, औषधांची बिले आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पाकिटात जपून ठेवावे.

तडजोड आणि जमाव

जागेवरची तडजोड हा सायकलस्वाराचा सर्वांत मोठा तोटा होय. पडल्याबरोबर शरीर बधिर झालेले असते. इजा किती आहे हे त्या क्षणी डॉक्टरलाही सांगता येणार नाही, मग जखमीला कसे कळावे? म्हणून तेथे पैसे घेऊ नयेत आणि "माझी काही तक्रार नाही" असे लिहूनही देऊ नये. दोष कोणाचा यावर हुज्जत घालण्याचीही गरज नाही. ते ठरविणारी यंत्रणा वेगळी आहे.

दुसरी बाजू जमावाची. चालकाला मारहाण करण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी आढळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ अन्वये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलीस ठाण्यात खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. परंतु मारहाणीच्या धाकाने तो पळून जातो आणि त्याच्याबरोबर गाडीचा क्रमांक, विम्याची माहिती व भरपाईचा मोठा मार्गही निघून जातो. जमावाचा राग अखेर जखमीलाच महाग पडतो. चालकाला शांतपणे थांबवून ठेवणे व गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र काढणे, ही खरी मदत आहे.

मदत करणाऱ्यांना वाटणारी भीतीही आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्यता दिलेल्या मार्गदर्शक सूचना आणि अधिनियमात २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १३४-अ यांमुळे सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

पुरावा कसा जपावा

गाडीचा क्रमांक, रंग व प्रकार, चालकाचे नाव आणि दोघा-तिघा साक्षीदारांचे दूरध्वनी क्रमांक लगेच टिपून घ्यावेत. सायकल व मोटार हलविण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जवळच्या दुकानावर किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरा असल्यास ते पोलिसांच्या निदर्शनास आणावे. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून येथे विलंब नको. मोडलेली सायकल पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला टाकू नये. जे घडले ते त्याच दिवशी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे.

त्यानंतर पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवावी. हद्दीचा प्रश्न निघाला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. खबरीची प्रत विनामूल्य मिळते व ती मागून घ्यावी. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल व ९० दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुनाही पोलिसांकडून मिळावयास हवा.

भरपाईचे मार्ग

सायकलला परवाना नाही, विमा नाही, म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. प्रत्येक मोटारीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हाच तो तिसरा पक्ष होय. त्याच्याकडून काही चूक झाली असली तर त्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते. ती सरसकट नाकारली जात नाही.

कलम १६४ अन्वये दोष कोणाचा हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. कलम १६६ अन्वये प्रत्यक्ष हानीनुसार भरपाई मागता येते. तीत उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व व वेदना यांचा विचार होतो. मात्र कलम १६४ ची रक्कम विमा कंपनीशी तडजोडीने स्वीकारल्यास दुसरा दावा संपुष्टात येतो. त्यामुळे सही करण्यापूर्वी सल्ला घ्यावा. अर्ज अपघाताच्या किंवा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली असून ती कसोशीने पाळणे हिताचे आहे. गृहिणीचे घरकाम बिनमोलाचे मानता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा सायकलवरून बाजाराला निघालेल्या स्त्रीनेही आपला दावा दुय्यम समजू नये. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वाहन पळून गेले तर

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३० हजारांहून अधिक मृत्यू धडक देऊन पळालेल्या वाहनांमुळे झाले. अशा प्रसंगी गाडी सापडली नाही म्हणून सारे संपले असे नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. पूर्वी या रकमा पंचवीस हजार व साडेबारा हजार होत्या. भारतीय न्याय संहितेनुसार हाड मोडणे किंवा निखळणे ही गंभीर दुखापत होय. म्हणजे आरंभी सांगितलेल्या कामगाराचा मोडलेला खांदाही तीत बसतो.

यासाठीचा अर्ज न्यायालयात नव्हे, तर अपघात घडला तेथील महसुली दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. चौकशी अधिकाऱ्याने एका महिन्यात अहवाल द्यावा व जिल्हाधिकाऱ्यांनी, दावा निवारण आयुक्त या नात्याने, त्यानंतर पंधरा दिवसांत मंजुरीचा निर्णय घ्यावा, असा क्रम आहे. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले की, महिनाभरात वाहनाचा तपास लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती जखमीला किंवा मृताच्या वारसांना लेखी कळवावी. योजना कागदावर आहे. ती घरापर्यंत नेण्याचे काम उरले आहे.

गावाचे व शाळेचे काम

हे काम येथे जमलेल्यांच्या हातातले आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर १०८ व ११२ हे क्रमांक आणि विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक ठळक लिहावा. मोठ्या रस्त्यावरील गावांत चार तरुणांना प्रथमोपचार शिकवावेत. शिक्षकांनी सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून तीन गोष्टी पाठ करून घ्याव्यात : गाडीचा क्रमांक टिपणे, घरी न लपविणे, डॉक्टरांना खरे सांगणे. रागावतील या भीतीने मुले पडल्याचे घरी सांगत नाहीत, म्हणून पालकसभेत हा विषय अवश्य काढावा. तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणांतील अर्ज नागरिकांना स्वतः समजावून द्यावा. जिल्ह्यातील चौदाही तालुक्यांत हे होऊ शकते आणि त्याला वेगळा निधी लागत नाही.

सायकल चालविणारा माणूस बहुधा हातावर पोट असलेला असतो. त्याचा एक हात दोन महिने गळ्यात अडकला की घरातील चूल अडते, मुलाची फी थकते, उसनवारी सुरू होते. त्याला दया नको, त्याच्या हक्काची वाट दाखविणारा माणूस हवा. अपघाताच्या जागी उभ्या असलेल्यांपैकी एकाने जरी सांगितले की "थांबा, क्रमांक लिहून घ्या, आधी दवाखान्यात चला आणि तेथे खरे सांगा," तरी एका कुटुंबाची घडी विस्कटण्यापासून वाचेल.