खांद्यावरची सायकल

कधी नावेवर गाडी तर कधी गाडीवर नाव, असे आपल्याकडे म्हणतात. सायकलीला मात्र ही म्हण आपण सहसा लावीत नाही. सायकलीने माणसाला वाहून न्यावे, हा तिचा धर्म. सायकल खांद्यावर टाकून चाललेला मनुष्य रस्त्यात दिसला, तर चाक पंक्चर झाले असेल किंवा साखळी तुटली असेल, असे समजून आपण हळहळतो. परंतु युरोप-अमेरिकेत एक शर्यत अशी आहे की, तीत धडधाकट सायकल खांद्यावर घेऊन चिखलातून धावावे लागते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. या शर्यतीला सायक्लोक्रॉस म्हणतात. आडरानातील सायकल शर्यत, असे तिचे मराठी नाव करता येईल. तिच्यातील जगज्जेत्यांविषयी मी थोडेच बोलणार आहे. माझा विषय आहे तो हौशी स्पर्धक. आठवड्याचे पाच दिवस कचेरीत, शाळेत किंवा कारखान्यात राबून शनिवार-रविवारी या चिखलात उतरणारा, आणि जिंकण्याची सुतराम शक्यता नसतानाही उतरणारा.

हा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रुजला. हिवाळ्यात रस्त्यावरील शर्यती बंद पडत. तेव्हा अंगातील कस टिकावा म्हणून सायकलपटू शेते, कुंपणे आणि ओढे ओलांडीत एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची पैज लावीत, अशी कथा सांगतात. दानिएल गुसो नावाच्या फ्रेंच सैनिकाने १९०२ साली तिला राष्ट्रीय स्पर्धेचे रूप दिले. पुढे ओक्ताव लापीझ याने १९१० साली तूर द फ्रान्स जिंकली आणि त्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील या मेहनतीला दिले, तेव्हा खेळाची कीर्ती पसरली. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली व ती झां रोबिक याने जिंकली. स्त्रियांना मात्र जागतिक स्पर्धेसाठी २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. आज या खेळाचे माहेरघर बेल्जियम होय. तेथील एरिक दे व्लेमिंक याने १९६६ ते १९७३ या काळात सात वेळा जगज्जेतेपद मिळविले.

शर्यतीची वाट लांबलचक नसते. उद्यानात, माळावर किंवा शेतात दोरीने आखलेले अडीच ते साडेतीन किलोमीटरांचे एक वेडेवाकडे वर्तुळ असते. त्यात गवत, वाळू, चिखल, घसरडे उतार, क्वचित पायऱ्याही असतात. मध्येच दोन फळ्या आडव्या उभ्या केलेल्या असतात. त्यांची उंची फार तर ४० सेंटिमीटर. सायकलीवरून उडी घेऊन या फळ्या पार करणारे कसबी लोक आहेत. पण बहुतेकजण धावत्या सायकलीवरून खाली उतरतात, ती उचलून फळ्यांपलीकडे ठेवतात आणि न थांबता पुन्हा स्वार होतात. जेथे चढ उभा किंवा चिखल खोल, तेथे सायकल खांद्यावर. माळव्याच्या किंवा मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ज्याने सायकल घातली आहे, त्याला चाक कसे रुतून बसते ते सांगावयास नको. म्हणून या सायकलीत चाक आणि सांगाडा यांमध्ये मोकळी जागा अधिक ठेवतात. टायर खाचांचे असतात आणि त्यांत हवा फार कमी भरतात. चौरस इंचास २५ पौंडांच्या आसपास. हवा कमी असली की टायर जमिनीला धरून चालतो. फारच कमी झाली तर दगडावर आपटून फुटतो. या दोहोंमधला सुवर्णमध्य शोधण्यात हौशी मंडळींचा शुक्रवारचा सारा संध्याकाळचा वेळ जातो.

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी एकाच मैदानावर शनिवारी एक आणि रविवारी दुसरी अशा लागोपाठ शर्यती ठेवतात. सकाळी थंडीत काकडत मंडळी जमतात. छातीठोक तरुणांपासून साठी उलटलेल्या आजोबांपर्यंत, शाळकरी मुलींपासून त्यांच्या आयांपर्यंत, प्रत्येकासाठी वयाप्रमाणे किंवा कौशल्याप्रमाणे वेगळा गट असतो. क्रमांकाचा कापडी तुकडा पाठीवर टाचून जो तो दोन शर्यतींमधल्या फटीत वाटेची एक फेरी मारून घेतो: कोठे घसरते, कोठे उतरावे, कोणत्या झाडाच्या मुळाशी चाक अडते. मग इशारा होतो आणि चाळीस-पन्नासजण एकदमच सुटतात. पहिले वळण अरुंद. तेथे आधी पोचला तो सुटला, मागे राहिला तो गर्दीत अडकला. त्यामुळे पहिल्या मिनिटातच छाती फुटायची वेळ येते, आणि पुढची तीस-चाळीस मिनिटे दम खायला अशी जागाच सापडत नाही.

आता या खेळातील खरी मौज सांगतो. येथे शर्यत अंतराची नसून वेळेची असते. निष्णात पुरुषांना सुमारे एक तास, हौशी गटांना त्याहून कमी. पहिल्या फेऱ्यांना किती वेळ लागला हे पाहून पंच पुढे किती फेऱ्या होतील याचा हिशेब मांडतात, तो फलकावर दाखवितात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजवितात. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत फार मागे पडलेल्याला पंच बाहेर काढतात. हौशी शर्यतीत बहुधा तसे करीत नाहीत. विजेता सीमारेषा ओलांडतो, त्यानंतर जो तो आपली चालू फेरी पुरी करून थांबतो. म्हणजे पहिल्याने सात फेऱ्या केल्या असतील, तर शेवटच्याने पाच. पण दोघांनी घाम गाळला तो जवळजवळ सारख्याच वेळात. कोणी रिकाम्या मैदानात एकटा मागे राहत नाही. आणि पस्तिसाव्या क्रमांकाच्या गृहस्थापुढे चौतिसावा असतोच. त्या चौतिसाव्याला वाळूच्या पट्ट्यात गाठावे आणि त्याने पुन्हा चढावर पुढे जावे, ही झुंज पहिल्या दोघांच्या झुंजीहून तिळभरही कमी जिद्दीची नसते. दोरीपलीकडे उभी असलेली बायकामुले गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवून तिलाही तितकीच दाद देतात.

रविवारी अंग ठणकत असते. रात्री सायकल धुऊन, साखळीला तेल देऊन ठेवलेली असते. पण रात्रीच्या पावसाने कालची वाट आज ओळखू येत नाही. काल जेथून सायकल भरधाव गेली, तेथे आज खांदा द्यावा लागतो. शनिवारी पाठ केलेले धडे अर्धेअधिक फुकट जातात, आणि उरलेल्यांवर मदार ठेवून माणूस पुन्हा ओळीत उभा राहतो. कालच्यापेक्षा चार जागा वर येणे, एक वळण न पडता घेणे, एवढीच त्याची रविवारची मिळकत. सोमवारी कचेरीत हे सांगावे तर ऐकणाऱ्याला हसू येते.

ते हसू मला विचार करण्याजोगे वाटते. पस्तिसावा आलेला मनुष्य स्पर्धेला गेलाच कशाला, असा प्रश्न त्यामागे असतो. आपल्या शाळांतही पहिल्या तिघांची नावे पुकारली जातात. उरलेली मुले एकेक करून मैदान सोडतात आणि मोठेपणी प्रेक्षक होतात. खेळ म्हणजे दुसऱ्याने खेळावयाचा आणि आपण बघावयाचा, ही समजूत मग कायमची होते. खेळ केवळ विजेत्यांसाठी ठेवला की काय होते, हेही याच शर्यतीने दाखविले आहे. २०१६ साली बेल्जियममधील झोल्डर येथील जागतिक स्पर्धेत एका स्पर्धकाच्या सायकलीत लपविलेली मोटर सापडली. पस्तिसाव्या क्रमांकाच्या माणसाला असा मोह कशासाठी होईल? त्याची कमाई म्हणजे त्याचा स्वतःचा दम. तो उसना आणून त्याचे काय भागणार?

हा खेळ अगदी फुकटचा नाही, हे मान्य केले पाहिजे. चांगली सायकल महाग पडते, आणि थंडीवाऱ्यात दोन दिवस घालविण्याला घरच्यांची संमती लागते. तो जसाच्या तसा आपल्याकडे आणावा, असेही माझे म्हणणे नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांच्या कथा ऐकत आलेल्या आपल्या लोकांना सायकलीचे प्रेम नवे नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे चिखलालाही तोटा नाही. उचलण्याजोगी आहे ती त्या मैदानावरची रीत. तेथे उतरणे म्हणजे हरणे नव्हे. वाट अवघड आली की उतरावे, ओझे खांद्यावर घ्यावे, चार पावले धावावे आणि पुन्हा स्वार व्हावे, हा तेथील नियमच आहे. आणि घंटा वाजेपर्यंत प्रत्येकाला वाटेवर राहण्याचा हक्क आहे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला, पहिल्या तिघांत कधीही न आलेल्या माणसाला, असा हक्क देणारे एखादे मैदान प्रत्येक गावात असावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे.