राग येतो, त्रागा करतो



मी कीर्तनकार नाही, साधा टाळकरी आहे. शंभर वर्षांच्या या सोहळ्यात दोन शब्द बोला म्हणालात; मी एकाच शब्दावर बोलतो. तो शब्द म्हणजे त्रागा. "उगी त्रागा करून घेऊ नको," असं आई नेहमी म्हणायची.

बघा, राग येतो, वैताग येतो, कंटाळा येतो. पण "मला त्रागा आला" असं कुणी म्हणतं का? त्रागा येत नाही, तो करावा लागतो. चीड दुसऱ्याची आणि शिक्षा स्वतःला. जेवायचं नाही, बोलायचं नाही, कपाळ बडवून घ्यायचं. पूर्वी सौराष्ट्रात चारण-भाट समोरच्यानं ऐकावं म्हणून स्वतःच्याच अंगावर शस्त्र चालवून घेत. त्यालाही त्रागाच म्हणत. आपण शस्त्र उचलत नाही, ताट बाजूला सारतो. हेतू तोच, माझ्या हालाचं पाप तुझ्या माथी.

हे मी केलंय, म्हणून सांगतो. एका वारीत मला न विचारता मागच्या रांगेत घातलं आणि एका नव्या पोराला विण्याजवळ उभं केलं. लोणंदहून निघायच्या आदल्या रात्री मी पंगतीला बसलो नाही. राहुटीत पांघरूण घेऊन पडलो. वाटलं, कुणीतरी उठवायला येईल. कुणाला कळलंच नाही! माणसं दमलेली, जेवली आणि झोपली.

सकाळी तरडगावच्या वाटेवर मला भोवळ आली. त्याच पोरानं माझी पिशवी खांद्यावर घेतली. "काका, रात्री जेवला न्हाईत व्हय?" आता काय लपवणार? सगळं सांगून टाकलं. तर ते म्हणालं, "मला बी तिथं भ्याच वाटत हुतं. तुमी शेजारी ऱ्हावा की."

एवढंच! बोललो असतो तर रात्रीच मिटलं असतं.

त्या संध्याकाळी समाजआरतीला उभा होतो. चोपदारांनी दंड उंचावला, "होऽ" म्हणाले, हजारो टाळ थांबले. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. हा आपला रिवाजच आहे. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत. मग तिचं ऐकून घेतात, निवारण करतात आणि त्यानंतर आरती होते. कितीदा पाहिलं होतं, पण अर्थ त्या दिवशी कळला. माऊलींच्या सोहळ्यात तक्रारीला जागा आहे, त्राग्याला नाही.

घरात सुनेला, पोराला, म्हाताऱ्याला काही खुपत असेल तर त्यांनाही टाळ वाजवू द्या. आणि वाजला की बाकीच्यांनी थांबून ऐका. उपाशी कुणी झोपू नये.

रामकृष्ण हरी!